कमळाचे पान आणि कोरडा अभिमान

निसर्गाला गुरू मानण्याची शिकवण भारतीय समाजाला नवी नाही. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने २४ गुरू केले. त्यांत पृथ्वी आणि वायू आहेत, तसेच मधमाशी आणि कोळीही आहेत. पाण्यात राहूनही न भिजणाऱ्या कमळपत्राची उपमा गीतेच्या पाचव्या अध्यायात आहे आणि ती घराघरांत ठाऊक आहे. प्रश्न एवढाच की, ते पान भिजत का नाही हे शोधण्याचे कष्ट कोणी घेतले?

उत्तर अभिमानाला ठेच लावणारे आहे. ते कष्ट विल्हेल्म बार्थलॉट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने घेतले. १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यासाठी पाने धुताना त्यांना एक विसंगती जाणवली. गुळगुळीत पानांवर धूळ चिकटलेली असे; सूक्ष्म खडबडीत पाने मात्र मुळातच स्वच्छ असत. कमळपत्रावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे स्फटिक. त्यामुळे थेंब पसरत नाही, गोल होऊन घरंगळतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. याच तत्त्वावर, पावसानेच धुऊन निघणारा भिंतींचा रंग १९९९ साली जर्मनीत बाजारात आला.

जपानचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. वेगवान रेल्वे बोगद्यातून बाहेर पडताना स्फोटासारखा आवाज होई. एइजी नाकात्सु हे अभियंते पक्षीनिरीक्षक होते. पाणी फारसे न उडवता सूर मारणाऱ्या खंड्याच्या चोचीवरून त्यांच्या चमूने गाडीचा अग्रभाग घडवला आणि १९९७ साली ती गाडी ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू लागली. खंड्या महाराष्ट्रातील प्रत्येक तळ्याकाठी दिसतो. पाहणारा डोळा मात्र दुर्मीळ आहे.

अशी वार्ता येताच दोन वर्ग पुढे सरसावतात. ‘हे सर्व आमच्या ग्रंथांत होतेच’ असे एक म्हणतो. ‘ज्ञान पश्चिमेकडूनच यायचे’ असे दुसरा मानतो. दोघांचे वैर मोठे, पण आळस एकच! तळ्याकाठी उकिडवे बसून पान निरखण्याची तयारी दोघांचीही नसते. गीतेतील उपमा निर्लेप कर्माची आहे. तिला रंगाच्या कारखान्याचे सूत्र ठरवणे हा तिचा गौरव नव्हे, अवमान आहे. आणि अवधूताने गुरूंची नावे घोकली नव्हती. त्याने त्यांना डोळसपणे पाहिले होते.

ही दृष्टी या भूमीत लोप पावली होती असेही नाही. जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पतींची अतिसूक्ष्म वाढ मोजणारे यंत्र घडवले आणि १९१७ साली कोलकात्यात संशोधन संस्था उभारली. परंपरेबद्दलचा आदर आणि प्रयोगाची शिस्त एकाच व्यक्तीत नांदू शकतात, याचा याहून सबळ पुरावा कोणता?

आज मुलांच्या वहीत कमळ उतरते ते फळ्यावरून, तळ्यावरून नव्हे. हे असेच चालले तर पुढील पिढी श्लोक पाठ म्हणेल आणि त्यातील पानाचे विज्ञान मात्र परक्यांकडून मोल देऊन विकत घेईल. पूर्वजांनी निसर्गाला गुरू म्हटले. गुरूला केवळ हार घालणारा शिष्य होत नाही. प्रश्न विचारणारा होतो.