थरथरता हात आणि पित्ताची कॅप्सूल

साठी ओलांडलेली बाई मुखेड-देगलूरकडून नांदेडला येते, नाहीतर औसा-निलंग्याहून लातूरला. हात थरथरतो, असं सोबतचा मुलगा सांगतो. तिची तक्रार वेगळी असते : भाकरी थापायला घेतली की हातच चालत नाही. अंगठा आणि तर्जनी पटापट टेकवायला सांगावं, तर हालचाल दर वेळी आखूड होत जाते. मनगट ताठ, चालताना हात झुलत नाहीत. कंपवाताचं निदान होतं, लेव्होडोपा सुरू होतं. तिच्या पिशवीतल्या पट्ट्या मात्र टेबलावर येत नाहीत. त्यात महिनोन्‌महिने चालू असलेली पित्ताची कॅप्सूल असते. पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल, आणि जोडीला ७५ मिलिग्रॅम लेव्होसल्पिराइड.

हे दुसरं औषध जठराला गती देतं ते डोपामिनचे डी-२ ग्राहक अडवून. आणि हेच ग्राहक मेंदूच्या स्ट्रायटममध्येही आहेत. हालचाल सुरू करायची तर तिथला आवर सैल व्हावा लागतो आणि डी-२ मार्गे डोपामिन तेच काम करतं. ग्राहक अडले की ब्रेक दाबलेलाच राहतो. खऱ्या कंपवातात सबस्टॅन्शिया नायग्रातल्या पेशी मेलेल्या असतात. इथे पेशी जिवंत आहेत, डोपामिनही तयार होतं आहे, फक्त त्याचा उपयोग होत नाही. म्हणूनच लेव्होडोपा वाढवत नेऊन अशा रुग्णाच्या पदरात फारसं काही पडत नाही.

हा धडा वैद्यकाने औषधांकडूनच घेतला आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईत आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा अनुभव १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि या मुळीकडे जगाचं लक्ष गेलं. १९५२मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये कंपवातासारखी लक्षणं दिसू लागली. १९५७मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा दिलं आणि ससे पुन्हा हालू लागले. त्या कामाला २०००चं नोबेल मिळालं. औषधाने आणलेला कंपवात आधी कळला, खऱ्या कंपवातावरचा उपाय त्यातून सापडला. आपण मात्र आज उलटा प्रवास करतो आहोत.

दोष एकट्या लेव्होसल्पिराइडचा नाही. चक्कर येते म्हणून वर्षभर सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, मळमळीला मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन, ही सगळी याच वाटेची. लातूरच्या शिकवणी वर्गांच्या भागात दवाखाना असणाऱ्यांनी तरुणांमधला प्रकारही ध्यानात ठेवावा. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन घेऊन गेलेली मुलगी रात्री मान वाकडी, डोळे वर अशा अवस्थेत परत येते. घरचे बाहेरची बाधा म्हणतात, आपल्यातले काही 'हिस्टेरिया' लिहून मोकळे होतात. प्रोमेथाझिनच्या एका इंजेक्शनने बहुधा अर्ध्या तासात मान सरळ होते.

दोन्ही बाजूंना एकदमच सुरुवात झाली असेल तर औषधाचा संशय बळावतो. पण एकाच हातापासून सुरू झालं म्हणून औषध सुटत नाही. संशयित औषध बंद केल्यावर सुधारणा दिसायला आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. तेवढा धीर रुग्णाला आणि स्वतःलाही द्यावा. त्यानंतरही लक्षणं राहिली, तर आत दबलेला कंपवात औषधाने उघड केला असं समजून पुढचे उपचार करावेत. मनोविकाराची औषधं मात्र परस्पर बंद करू नयेत. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलूनच काय ते ठरवावं. वयस्कांना थरथरीवर ट्रायहेक्सिफेनिडिल देण्याची घाई तर नकोच. त्याने स्मृती ढासळते, लघवी तुंबते, मग त्यासाठी आणखी एक गोळी येते.

मज्जाविकारतज्ज्ञांसाठी हैदराबाद किंवा पुणे गाठायला लावण्याआधी पिशवी टेबलावर रिकामी करून घ्या. पट्टी कापलेली असेल, नाव गेलं असेल, तर औषध दुकानदाराला फोन लावा. लेव्होसल्पिराइड लिहायचंच असेल, तर ते कधी बंद करायचं ती तारीख त्याच कागदावर मराठीत लिहा. आणि औषधाने कंपवात झाल्याचा नुसता संशय असला, तरी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागाला किंवा राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर ते कळवा.