खेपांचा हिशेब

प्रोग्रॅम मंद चालला की घरोघरी नव्या संगणकाचा हट्ट धरला जातो. आम्ही म्हणतो, आधी खेपा मोजाव्यात. मुख्य स्मृतीतून माहिती येईपर्यंतच्या वेळात प्रोसेसर शेकडो आज्ञा उरकू शकला असता. तो खोळंबून राहतो. यास्तव केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली लहान परंतु शीघ्र अशी ‘दास-स्मृती’ सुचविली. तीच आजची कॅश. तीत एका खेपेस बहुधा ६४ बाइट, म्हणजे शेजारचे आकडेही, येतात. सी भाषेत कोष्टक ओळीओळीने साठविले जाते. मोठ्या कोष्टकाची बेरीज ओळीने केल्यास आणलेले सारे कामी येते. स्तंभाने केल्यास जवळजवळ प्रत्येक आकड्यास नवी खेप पडते. बेरीज तीच, वेळ मात्र कित्येक पट! यंत्र बदलण्यापूर्वी विद्यार्थ्याने क्रम बदलून पाहावा. त्यास पैसा लागत नाही.