बिअरची चव कायदा ठरवतो

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना वाटेत इच्छापोर लागते. तिथल्या हिरा बोर्सच्या वसाहतीत, आणि एकूणच सुरतेत, पैलू पडलेला माल ज्या परदेशी बाजारांत पोचतो त्यांत बेल्जियममधल्या अँटवर्पचे नाव फार जुने. गेल्या अर्धशतकात पालनपुरी आणि काठियावाडी कुटुंबांनी तिथे पेढ्या थाटल्या. अँटवर्पकर संध्याकाळी डे कोनिंक नावाची तांबूस बिअर ‘बोलेके’ या गोल पोटाच्या पेल्यातून पितो. इच्छापोरला तीच बिअर परवान्यावाचून जवळ बाळगली तरी गुन्हा दाखल होतो. हा विरोधाभास दाखवून गुजरातच्या दारूबंदीला हसणे सोपे आहे, पण त्यात फारसे हशील नाही. आपल्याकडे हौशी मंडळींत जो वाद रंगतो, की पुण्यामुंबईची क्राफ्ट बिअर सरस की बेल्जियन, त्याकडे इच्छापोर आणि अँटवर्प या दोन गावांच्या मधल्या अंतरातून पाहिले तर एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते. बिअर कडक होते की सौम्य, दाट की पाणचट, ताजी की शिळी, हे भट्टीवर जितके ठरते त्याहून अधिक अबकारीच्या कायद्यात ठरते. म्हणून या दोन बिअरींची तुलना करायची तर आधी त्यांच्यामागच्या कायद्यांची करायला हवी, आणि तशी केली की महाराष्ट्राने काय बदलायला हवे तेही स्पष्ट होते.

बेल्जियन बिअर म्हटली की मठ, साधू आणि शतकानुशतकांची परंपरा असे चित्र उभे केले जाते. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. ज्या आठ-नऊ टक्के अल्कोहोलच्या बिअरींसाठी हा देश आज ओळखला जातो, त्यांतल्या बऱ्याच गेल्या शंभर वर्षांतल्या आहेत. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये समाजवादी नेते आणि तेव्हाचे न्यायमंत्री एमिल व्हांडरव्हेल्डे यांनी एक कायदा आणला. कॅफेत जिनसारखी ऊर्ध्वपातित दारू विकायची नाही, आणि दुकानातून घ्यायची तर एका वेळी किमान दोन लिटर घ्यायची. दोन लिटरची अट मुद्दाम घातलेली होती; रोजंदारीवरच्या मजुराला तेवढे पैसे एकरकमी काढता येऊ नयेत, हा तिचा रोख. परिणाम असा झाला की कॅफेत आलेल्या गिऱ्हाइकाला कडक काही हवे असेल तर ते बिअरमध्येच शोधावे लागले, आणि बिअरवाल्यांनी ती गरज ओळखली. मोर्टगाट घराण्याने स्कॉटलंडहून यीस्ट आणून केलेल्या बिअरला १९२३ मध्ये ‘डूवेल’, म्हणजे सैतान, हे नाव मिळाले. वेस्टमालच्या मठाची ‘ट्रिपेल’ १९३४ ची. व्हांडरव्हेल्डे यांचा कायदा १९८३ पर्यंत टिकला. सगळे श्रेय त्यालाच देणे अतिशयोक्ती होईल, पण तो नसता तर बेल्जियमची ख्याती बहुधा अशी झाली नसती.

या कडक बेल्जियन बिअरींत साखर असते, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. आपल्याकडच्या स्वस्त कडक बिअरला नावे ठेवताना ‘त्यात साखर घालतात’ हा पहिला आरोप असतो ना! वेस्टमालची ट्रिपेल घ्या. सातूच्या फिकट माल्टच्या काढ्यात साखर घातली जाते. ती पूर्ण आंबते, मागे गोडवा ठेवत नाही, म्हणून साडेनऊ टक्क्यांची बिअर असूनही जिभेवर जड लागत नाही. मग बाटलीत भरताना पुन्हा थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटल्या उबदार खोलीत काही आठवडे ठेवतात. दुसऱ्यांदा आंबण्याची क्रिया बाटलीतच होते आणि फेस तिथेच तयार होतो. आपल्याकडच्या कडक बिअरमध्येही माल्टच्या जोडीला तांदूळ, मका, साखर येते, पण ती कमी खर्चात अंश चढवण्यासाठी. मुरायला वेळ द्यायचा नाही आणि बर्फगार करून द्यायची, कारण थंडीने जीभ बधिर झाली की उणिवा कळत नाहीत. साखर तीच, पण एकीकडे तिला वेळ मिळतो आणि दुसरीकडे ती वेळ वाचवण्यासाठी येते.

क्राफ्ट बिअरलाही कायद्यानेच जन्म दिला. अमेरिकेत दारूबंदी उठल्यावरही घरी बिअर बनवणे बेकायदा राहिले होते. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये त्याला मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि परसात हंडे मांडणाऱ्या हौशी लोकांतून पुढच्या दोन दशकांत छोट्या ब्रुअरींची पिढी उभी राहिली. त्यांचा एक डोळा सतत बेल्जियमवर होता. होखार्डन या गावातली गव्हाची पांढरी बिअर १९५७ मध्ये शेवटची भट्टी बंद पडून संपली होती. पिएर सेलिस नावाच्या दूध घालणाऱ्या माणसाने ती साठच्या दशकात पुन्हा सुरू केली. धने आणि संत्र्याची वाळवलेली साल घातलेली ही बिअर. १९८५ मध्ये त्याची भट्टी आगीत सापडली, सावरण्यासाठी मोठ्या कंपनीचा पैसा घ्यावा लागला आणि पुढे भट्टी त्या कंपनीचीच झाली. सेलिस थेट टेक्सासला गेला आणि १९९२ मध्ये तिथे तीच बिअर बनवू लागला. आज पुण्यामुंबईच्या जवळजवळ प्रत्येक क्राफ्ट बिअरच्या यादीत जी ‘बेल्जियन विट’ असते, ती याच दूधवाल्याची वंशज. तेव्हा ‘क्राफ्ट की बेल्जियन’ हा सामना मुळात आजोबा आणि नातू यांच्यातला आहे. नातवाला अजून न साधलेली एक गोष्ट म्हणजे लँबिक. ब्रुसेल्सजवळच्या पायोटनलंडात आणि शहरातल्या कांटियोन या १९०० सालच्या भट्टीत उकळलेला काढा पसरट तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतले यीस्ट त्यात आपोआप उतरते. मग लाकडी पिंपात एक, दोन, तीन वर्षे. तिचे अनुकरण अमेरिकेत झाले आहे, पण तीन वर्षे भांडवल पिंपात अडकवून ठेवायची ताकद फार थोड्यांत असते. २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, त्यामागे हा धीर आहे.

आता आपल्याकडे येऊ. इच्छापोर आणि पुणे यांच्यामधली भिंत एकाच कायद्याची आहे, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा हा दोन्ही राज्यांचा समाईक वारसा. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली; गुजरातने तो कसून पाळायचे ठरवले, महाराष्ट्राने त्याच कलमांतून परवान्यांची दारे उघडली. आजही महाराष्ट्रात कायद्याने पिणाऱ्याकडे परमिट हवे, हे वाचून कित्येकांना हसू येईल. सुरत-भुसावळ मार्गावरचे नवापूर स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. उधना-लिंबायतमधले खानदेशी कामगार गावी जाताना तिथूनच जातात, आणि त्या एकाच फलाटावर या कायद्याचे दोन अर्थ लागू होतात. बंदीचा फटका बिअरला सर्वांत जास्त बसतो. ती जवळपास पंच्याण्णव टक्के पाणी, जड, जागा खाणारी आणि लवकर शिळी होणारी. चोरट्या वाहतुकीत तिला कोण विचारतो? त्याच डिकीत व्हिस्की भरली तर नशा कित्येक पट. त्यामुळे बंदी पिणे किती थांबवते हा वादाचा मुद्दा असला, तरी जे उरते ते अधिक कडक उरते, यात वाद नाही.

महाराष्ट्राने दारे उघडली, पण किलकिलीच. राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, पुण्यात सुरू झाली ती २००९ मध्ये. त्यानंतर इंडिपेंडन्स, एफिनगट, मुंबईची गेटवे, व्हाइट आउल अशी नावे आली. पण देशपातळीवर गाजलेल्या ‘बिरा ९१’ ची कथा पाहा. भारतीय बाजारासाठीची ही बिअर २०१५ मध्ये आधी बनत होती कुठे, तर बेल्जियममध्ये. तिथे दुसऱ्याच्या भट्टीत करून घेऊन इथे आयात. पुढे उत्पादन इंदूरला आले. अलीकडे कंपनीने नावातून ‘प्रायव्हेट’ हा शब्द काढला, तर राज्याराज्यांत लेबलांची नोंदणी नव्याने करावी लागली, विक्री काही महिने अडली आणि तोटा शेकडो कोटींत गेला. धंद्यातल्या इतर चुकाही असतील. पण एक शब्द गाळल्याने बिअर गोदामात अडकते, ही व्यवस्था छोट्या भट्टीवाल्याला कशी परवडावी?

त्याहून मोठा दोष कराच्या मापात आहे. आपल्याकडे बिअरवरचा कर प्रामुख्याने लिटरवर किंवा उत्पादनखर्चाच्या पटीत बसतो, आणि सौम्य-कडक असा एक ढोबळ भेद केला जातो. पाच टक्क्यांची रेघ ओलांडली की साडेपाचवर थांबायला बनवणाऱ्याला काहीच कारण राहत नाही. तो थेट आठच्या जवळ जातो. गिऱ्हाईकही हिशेबी आहे, साडेसहाशे मिलीच्या बाटलीत रुपयामागे किती चढते हे त्याला बरोबर कळते. देशातला फार मोठा खप कडक बिअरचा आहे, यात आश्चर्य ते काय? युरोपीय संघात १९९२ पासूनचा नियम वेगळा आहे. बिअरवरचा कर तिच्या अंशांवर, म्हणजे प्रत्यक्ष अल्कोहोलवर किंवा मूळ काढ्याच्या दाटपणावर, मोजायचा. आणि वर्षाला दोन लाख हेक्टोलिटरपर्यंत बनवणाऱ्या छोट्या भट्टीला निम्म्यापर्यंत सूट देता येईल. बेल्जियममध्ये तीन टक्क्यांची बिअर स्वस्त पडते आणि नऊ टक्क्यांची महाग, तीही तेहेतीस सेंटिलिटरच्या छोट्या बाटलीत.

यावर पहिला आक्षेप नैतिक आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात दारूबंदीचे तत्त्व आहे, आणि महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली आहे. ही चळवळ वरून लादलेली नाही. सुरत जिल्ह्यातलीही तशी लादलेली नव्हती. १९२२ च्या अखेरीस तिथल्या आदिवासी गावांत ‘देवी’ आली. अंगात आलेल्यांच्या तोंडून तिने दारू-ताडी सोडायला सांगितले, आणि दारूचे मक्तेदार, जे तिथे बहुधा पारशी होते, त्यांच्याशी संबंध तोडायला सांगितले. पण त्याआधीची चाळीस वर्षे पाहा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडाच्या झाडांवर जबर कर बसवला आणि घरची मोहाची भट्टी मोडून सरकारमान्य मक्तेदाराची दारू पुढे केली. १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले वेचण्यावरही बंधन घातले. ताडी म्हणजे बिअरइतकीच सौम्य. सौम्य पेय महाग आणि कडक दारू महसुलाची कामधेनू, असा तो डाव होता, आणि देवीच्या भक्तांनी उलथवला तो हाच डाव. त्यांचे नाव घेऊन आज सौम्य आणि कडक एकाच तराजूत तोलणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. विषारी दारूचे म्हणाल तर २००९ मध्ये अहमदाबादेत शंभरावर माणसे गेली, २०२२ मध्ये बोटादला चाळीसच्या वर; पण बंदी नसलेल्या मुंबईत, मालवणीत, २०१५ मध्येही शंभरावर गेली. म्हणजे निव्वळ मुभेने गरीब वाचत नाही. त्याच्या खिशाला कायदेशीर, सौम्य असे काहीतरी परवडले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा: क्राफ्ट बिअर ही चारशे रुपयांच्या पेल्याची चैन, तिच्यासाठी कायदा कशाला बदलायचा? चैन आहे, मान्य. पण ती महाग आहे याचे एक कारण परवाना शुल्क आणि मोठ्यांच्याच मापाचा कर हे आहे. शिवाय सवलत मागायची ती क्राफ्ट या बिरुदाला नको. मोठ्या कंपन्या ते उद्या चिकटवतील, काहींनी चिकटवलेही आहे. सवलत कमी अंशाला आणि कमी उत्पादनाला मिळावी, मग बनवणारा कुणीही असो. डूवेलसारखी साडेआठ टक्क्यांची बिअर या हिशेबात महागच राहील, आणि राहावी. बेल्जियमकडून नऊ टक्के शिकायचे नाहीत, मोजायचे कसे ते शिकायचे.

तिजोरीचे काय, हा प्रश्न मंत्रालयात हमखास निघेल. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून वाइनला करसवलत दिली आणि नाशिकचे नाव देशभर झाले. द्राक्षाला जे मिळाले ते ज्वारी-नाचणीला मिळू शकते: स्थानिक धान्याचा ठरावीक हिस्सा असलेल्या, चार टक्क्यांच्या आतल्या बिअरला सूट. सोलापूरच्या ज्वारीची हलकी बिअर कशी लागेल हे बनवून पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि आजच्या दराने ती बनवून पाहायला कुणी धजावणार नाही. गुजरातने डिसेंबर २०२३ मध्ये गिफ्ट सिटीत मुभा दिली, ती पत्ता पाहून: अमुक आवारात काम करणारा किंवा पाहुणा असेल तर चालेल. इच्छापोरच्या घंटीवर बसून हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या कारागिराला त्यात जागा नाही. सूट द्यायचीच तर पेल्यात काय आहे ते पाहून द्यावी. पेला कोणत्या इमारतीत आहे यावरून नव्हे. महाराष्ट्रात तर नवा कायदाही नको. अबकारीच्या दरपत्रकात ‘सौम्य’ आणि ‘कडक’ या दोन ओळींच्या जागी दर अंशामागे इतके रुपये अशी एकच ओळ घातली की पुरे, आणि ती कडक बिअरवर थोडी चढी ठेवली तर तिजोरीचा खड्डा तिथेच भरून निघतो.