गच्ची कुणाच्या नावावर?

त्र्यंबकला सौरविजेचा विषय काढला की पहिला शेरा ठरलेला: "इथे चार महिने सूर्य दिसत नाही, पॅनेल काय ब्रह्मगिरीच्या ढगांना दाखवायचे?" शेरा झकास आहे, पण हिशेबात टिकत नाही. एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने महिन्याला साधारण 120 युनिट देतो. आषाढ-श्रावणात हा आकडा बराच घसरतो, खरे आहे. पण नेट मीटरिंगमध्ये उरलेले युनिट आपल्या नावे जमा राहतात आणि त्या हिशेबाचे वर्ष संपते 31 मार्चला. म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हाची शिल्लक त्याच वर्षी पावसाळ्यात वापरता येते. त्र्यंबकला याहून सोयीचे वर्ष कोणते?

एक गोष्ट मात्र संच विकणारे ओठातल्या ओठात सांगतात. बॅटरी नसेल, तर लाईट गेली की हा संचही बंद पडतो. तारेवर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ नये म्हणून तशी रचनाच असते. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट किती वेळा जाते, ते सांगायला नको.

खरी अडचण गच्चीच्या मालकीची आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेली पीएम सूर्यघर योजना तीन किलोवॉटच्या संचाला 78 हजार रुपये अनुदान देते. घर, छप्पर आणि वीजजोडणी आपली असेल तर. गावातल्या जुन्या वाड्यांत मीटर अजून आजोबांच्या नावावर असते, गच्ची चार भावांत सामाईक, त्यातला एक ठाण्यात, आणि सही मागितली की वाटणीचा जुना वाद उकरला जातो. भाडेकरूंचे तर विचारूच नका. नारायण नागबळीला आलेल्या यजमानांच्या खोल्यांतले गिझर सर्वाधिक वीज खातात, पण ती जोडणी व्यावसायिक असेल तर अनुदान नाही. ते योग्यच आहे.

ज्यांना स्वतःचे छप्पर नाही, त्यांच्यासाठी व्हर्च्युअल नेट मीटरिंगची वाट आहे. एका मोठ्या छतावर सामाईक संच बसवायचा आणि वीज अनेकांच्या बिलांत वळती करायची. सूर्यघर योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत त्याला जागा आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी गावात बांधकामे चालू आहेत. नगर परिषदेने त्यातल्या सार्वजनिक इमारतींची छपरे आताच या कामासाठी राखून ठेवावीत आणि पहिला वाटा भाडेकरूंना द्यावा. वाडेकऱ्यांनी तोवर निदान मीटर तरी हयात माणसाच्या नावावर करून घ्यावे.