पट्टा कशाचा, आणि गळा कुणाचा?



जळगाव-धुळ्याकडे आपल्या समाजातल्या घरांत आता कुत्री दिसू लागली आहेत. कुणाकडे नातवंडांच्या हट्टापायी आलेलं लॅब्रॅडॉर, कुणाच्या गोदामावर राखणीला बांधलेला गावठी मोत्या. जैनांच्या घरात कुत्रा असावा की नसावा, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. जो जीव दाराशी राहिला, त्याच्या गळ्यातला पट्टा आणि त्याच्या तोंडात दिलेली वस्तू आपल्या अहिंसेच्या हिशेबात धरली पाहिजे.

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला पाठ असतात. बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. प्रतिक्रमणात आपण त्यांची आलोचना करतो. त्यातला पहिलाच अतिचार बांधण्याचा आहे आणि शेवटचा खाण्यापिण्याला अटकाव करण्याचा. वर्षीतपाच्या पारण्याला सांगतात ती कथाही आठवा. धान्य खाऊ नये म्हणून बैलांच्या तोंडाला मुसकं बांधायचा सल्ला दिला, त्याचं अंतराय कर्म ऋषभदेवांनाही भोगावं लागलं, आणि वर्षाहून अधिक काळ आहार मिळाला नाही. शेवटी हस्तिनापूरला श्रेयांसकुमारांच्या हातून उसाचा रस मिळाला. मुक्या जिवाच्या तोंडावर काय बांधलं, याला आपल्या परंपरेत एवढं वजन आहे.

म्हणून दुकानात गेल्यावर दोन प्रश्न विचारा. ही वस्तू कुणाच्या शरीरापासून बनली? आणि ही वस्तू माझ्या कुत्र्याच्या शरीराचं काय करील? आपल्या बायका पहिला प्रश्न विचारतात आणि चामडं नाही म्हटलं की समाधानाने पैसे देतात. माझ्या मते तिथे अहिंसा अर्धीच होते. गळा कापणारी नायलॉनची दोरी शाकाहारी असली म्हणून ती अहिंसक होत नाही.

आधी पट्टा बघू. चामडी पट्टा नकोच. रुंद, मऊ, सुती किंवा चांगल्या विणीचा पट्टा घ्यावा. पट्टा आणि गळा यांच्यात आपली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पिल्लू वाढत असतं, म्हणून दर आठवड्याला बोटं घालून बघा. नाहीतर पट्टा तेवढाच राहतो, गळा वाढतो आणि कातडीत जखम होते. ओढलं की आवळणारी साखळी तर घरात आणूच नका, तिचा दाब थेट श्वासनलिकेवर येतो. फिरायला नेताना ओढणारा कुत्रा असेल, किंवा पगसारखा बसक्या नाकाचा असेल, तर छातीवरून जाणारा हार्नेस बरा. त्याचा पट्टा छातीच्या हाडावर यावा, पुढच्या पायांच्या बगलेत घासू नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा हळद-तेल लावून मळतात, कारण जू कुठे घासतं ते शेतकऱ्याला ठाऊक असतं. कुत्र्याच्या गळ्याकडे आणि बगलेकडेही तसंच बघायला हवं.

आता लोखंडी साखळी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडजवळ बांधलेल्या कुत्र्याची साखळी, कडी आणि खालची फरशी हात लावून बघा. आपला हात जिथे टिकत नाही तिथे तो जीव दुपारभर बसतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तोही त्याच कलमात येतो. आपल्या शास्त्रातला 'बंध' आणि सरकारचा कायदा इथे एकच गोष्ट सांगतात.

मुसकं लागलंच, डॉक्टरांकडे नेताना वगैरे, तर टोपलीसारखं जाळीदार घ्यावं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून तो स्वतःला थंड करतो. तोंड गच्च आवळणारं कापडी मुसकं खानदेशच्या उन्हात त्याच्या जिवावर बेतू शकतं. त्याला धापा टाकता आल्या पाहिजेत आणि पाणी पिता आलं पाहिजे.

चघळायच्या वस्तूंबद्दल मात्र जरा सावध राहा. दुकानात बरणीत पांढरी, गाठ मारलेली हाडं मिळतात. पुष्कळ जणींना ती कॅल्शियमची किंवा पिठाची वाटतात. बहुतेक वेळा ती 'रॉहाइड' असतात, म्हणजे जनावराच्या कातड्याचा आतला थर. चामड्याची पर्स नाकारणाऱ्या घरात असं कातडं खाऊ म्हणून येतं. शिवाय ते कुत्र्यालाही बरं नाही. मोठा तुकडा गिळला तर तो फुगतो, घशात किंवा आतड्यात अडकतो. पाकिटावर हिरवा ठिपका शोधून काम भागणार नाही. तो नियम माणसांच्या अन्नासाठी आहे आणि जनावरांचं खाद्य त्या कायद्यात अन्न म्हणून धरलेलं नाही. तेव्हा चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचा. रॉहाइड, जिलेटिन, बुली स्टिक असं काही दिसलं की पाकीट परत ठेवा.

मग द्यायचं काय? नैसर्गिक रबराचं पोकळ खेळणं उत्तम. त्यात दही-भात भरून द्या, अर्धा तास तो जीव रमतो. खेळणं घशात जाणार नाही इतकं मोठं हवं. हिमालयाकडची दुधाची छुर्पीही मिळते, पण ती फार कडक असते आणि त्यावर दात तुटू शकतो. परीक्षा सोपी आहे. अंगठ्याचं नख दाबा. वस्तूवर जरासुद्धा खूण उमटली नाही, तर ती दातांना कडक आहे. झिजून लहान झालेला तुकडाही काढून घ्यावा. पुष्कळ जण गाजर सुचवतात. ज्यांच्याकडे कंदमूळ येत नाही त्यांनी काकडी, शिजवलेला भोपळा किंवा आपल्या जळगावच्या केळ्याची छोटी फोड द्यावी.

आंब्याची कोय आणि दाणे काढलेलं मक्याचं कणीस मात्र टाकू नका, दोन्ही आतड्यात अडकतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले शुगर-फ्री पदार्थ कुत्र्याला विषासारखे आहेत. कांदा-लसूणही त्याच्या रक्ताला अपाय करतात. ज्या घरात ते येतच नाहीत, तिथे ही काळजी आपोआप मिटते!

काही जणी म्हणतील, कुत्र्यासाठी एवढा खर्च आणि एवढा विचार कशाला? वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली बाई म्हणून सांगते, हिशेबही याच बाजूने आहे. स्वस्त साखळी आणि स्वस्त हाडांवर वाचवलेले पैसे एका ऑपरेशनमध्ये जातात, आणि यातना तो जीव सोसतो ते वेगळंच.

१८३२ च्या जूनमध्ये मुंबईत मोकाट कुत्री मारायला सुरुवात झाली, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्या बरोबरीने हिंदू आणि जैनही उभे राहिले, बाजार बंद पडला. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ सुरू झाली. त्या वेळच्या माणसांनी रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी आपला धंदा थांबवला. आपल्याला घरच्या कुत्र्यासाठी दुकानात उभं राहून दोन प्रश्न तेवढे विचारायचे आहेत.

या रविवारी आपल्या किंवा शेजारच्या मोत्याच्या पट्ट्यात दोन बोटं घालून बघा. जात नसतील, तर एक भोक सैल करा.

जय जिनेंद्र.