एलियाहूचा उरुस उरुसच राहू द्या

'एलियाहू हन्नाबीचा उरुस' हे नाव कानावर पडलं की दोन प्रकारचे लोक लगेच दुरुस्तीला बसतात. पहिले म्हणतात, हा खरा ज्यू सण नव्हे, शेजाऱ्यांच्या नादानं बिघडलेला आहे. दुसरे म्हणतात, बघा, म्हणजे हे मुळात आपलेच. दोघांनाही सणाशी देणंघेणं नसतं, मालकी ठरवायची असते.

आधी सण काय ते पाहू. ज्यू पंचांगात श्वात महिन्याच्या १५ तारखेला 'तू बिश्वात' म्हणतात. तिथले महिने चांद्र, पण अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवलेले, अगदी आपल्यासारखे. म्हणून हा दिवस पौष किंवा माघ पौर्णिमेच्या आसपास येतो. २०२४ साली तो पौष पौर्णिमेलाच होता. मिश्ना या ग्रंथात चार नववर्षं सांगितली आहेत, त्यातलं हे झाडांचं. फळांचा दशमांश देताना कुठलं फळ कुठल्या वर्षात धरायचं, ते या दिवसावरून ठरायचं. म्हणजे फळांचा ३१ मार्च म्हणा ना!

कोकणातल्या बेने इस्रायलींची मातृभाषा मराठी. बायबलमध्ये अग्निरथाबरोबर स्वर्गात गेलेला संदेष्टा एलियाहू अलिबागजवळच्या खंडाळ्याला प्रकटला आणि तिथल्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या, अशी त्यांची श्रद्धा आहे. या दिवशी ते मलिदा करतात : भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलदोडा आणि सोबत फळं. प्रार्थना हिब्रू, ताट कोकणी, सणाचं नाव उरुस.

याला भेसळ म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. आज इस्रायलमध्ये या दिवशी झाडं लावतात, ती प्रथा किती जुनी? तिची सुरुवात १८९० साली झिख्रोन याकोव इथल्या शाळकरी मुलांनी केली. तिला कुणी बिघाड म्हणत नाही. मग पोह्यांनीच काय घोडं मारलंय? शुद्धतेची ही तपासणी निरुपद्रवीही नसते. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्रायलींच्या इतर ज्यूंशी होणाऱ्या लग्नांआधी त्यांच्या वंशाची चौकशी करायला सांगितलं. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे १९६४ साली त्या सूचनेतून त्यांचं नाव निघालं.

आता 'आपलेच' म्हणणारे. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाच्या उपासाला बेने इस्रायली 'बिरड्याचा रोजा' म्हणत आले. वालाचं बिरडं कोकणाचं, रोजा फारसी, दुःख जेरुसलेमचं. यातून एक शब्द उचलून अख्ख्या समाजावर हक्क सांगायचा, हा आपलेपणा नव्हे. दुसऱ्याचं दुसरेपण सहन होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मी औंढा नागनाथचा. ज्योतिर्लिंगाच्या गावचा माणूस उरुसाची बाजू का घेतो, असं मित्र विचारतात. अहो, मराठवाड्यात उरुस हा परका शब्द कधी होता? परभणीच्या तुराबुल हक बाबांच्या उरुसाला कोण कोण जातं, ते एकदा बघून या. आमच्याच गावाची कथा घ्या. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेव रागावले, तर विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. ही कथा मान डोलावत ऐकायची आणि दुसऱ्याचा देव कुठल्या शब्दात राहतो यावर मात्र पहारा बसवायचा, हे जमत नाही.

२०१६ साली महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. चांगलंच झालं. पण बरेच बेने इस्रायली इस्रायलला गेले. इथे उरलेत थोडे. कागदावरच्या दर्जानं सण टिकत नाही, तो नाव घेणाऱ्यांमुळे टिकतो. म्हणून आपल्या दिनदर्शिकांत, पाठ्यपुस्तकांत या सणाचा उल्लेख करायचा तर 'तू बिश्वात' जरूर लिहा, पण शेजारी 'एलियाहू हन्नाबीचा उरुस' हेही लिहा. कंसात 'म्हणजे यात्रा' असा खुलासा नको. मराठी माणसाला उरुस कळतो.