संच ऐकतो, पण बोलत नाही

हौशी बिनतारी संदेशवहनाचा परवाना मिळविलेल्या तरुणांची एक तक्रार वारंवार कानी येते : संचावर दूरचे स्वच्छ ऐकू येते, परंतु आपला आवाज पलीकडे क्षीण पोहोचतो. संचावर २५ वॅट लिहिलेले असते आणि मापकावर १० देखील दिसत नाहीत. मग पेचकस घेऊन संच उघडण्याची घाई होते. वस्तुतः तो सर्वांत शेवटी उघडावयाचा.

प्रथम शक्ती कमी-अधिक करणारी कळ पाहावी. वाचकांनी हसू नये. पुष्कळदा रोग तेथेच सापडतो. त्यानंतर वीजपुरवठा. ऐकताना संच एक अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतो, बोलताना मात्र पाच-सहा. म्हणून बारीक तार किंवा गंजलेला फ्यूज ऐकण्याच्या आड येत नाही, बोलण्याच्या येतो. वाटेत अवघा ०.३ ओहम रोध असला, तरी ६ अँपिअरला जवळजवळ २ व्होल्ट गळतात. तेव्हा १३.८ व्होल्ट मिळतात की नाही हे संचाच्या टोकाशीच, आणि तेही बोलण्याची कळ दाबलेली असताना मोजावे. बॅटरीपाशी मोजून समाधान मानणे व्यर्थ होय.

पुढे अँटेना काढून त्या जागी, वॅटमापकामार्गे, ५० ओहमचा डमी लोड जोडावा. (काहीच न जोडता कळ कदापि दाबू नये.) आता पूर्ण शक्ती दिसली तर संच निर्दोष, दोष केबलमध्ये अथवा अँटेनात. परतणारी शक्ती वाढली की आजचे बहुतेक संच स्वसंरक्षणार्थ हात आखडता घेतात. गच्चीवरील जोडात पावसाचे पाणी शिरून तांबे काळवंडले आहे काय, हे अवश्य पाहावे. आरजी-५८ जातीची केबल १४५ मेगाहर्ट्झला साधारण १५ मीटरांत निम्मी शक्ती गिळते. आणि गंमत अशी, की ती परतणारी लहरही वाटेतच खाऊन टाकते व खालचा मापक खुशाल ‘सर्व क्षेम’ म्हणतो!

हा रिकामपणाचा उद्योग असे ज्यांना वाटते, त्यांनी २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप आठवावा. दूरध्वनी मुके झाले असता हौशी मंडळींचे असेच संच निरोप पोहोचवीत होते.

हे सारे तपासूनही शक्ती कमीच भरली, तर संच जाणकाराकडे न्यावा. आतील समायोजनाचे स्क्रू अंदाजाने फिरविल्यास वॅट वाढलेले दिसतात खरे. पण ते भलत्याच लहरींवर सांडतात आणि त्रास इतरांना होतो.